भामरे सरांचा शेरा

गेल्या हिवाळ्यात जळगावला आमचं प्रशिक्षण होतं, माध्यमिक शाळांच्या पर्यवेक्षकांचं. मला पर्यवेक्षक होऊन थोडेच महिने झाले होते. तरुण प्रशिक्षक पडद्यावर मोबाइलमधलं एक ॲप दाखवत होता. वर्गात जायचं, शिक्षक शिकवत असताना चौकटींवर टिचक्या मारायच्या, आणि तास संपायच्या आत त्या शिक्षकाचे गुण वरच्या ऑफिसात पोचलेले असतात. चहाच्या सुट्टीत पाचोऱ्याकडच्या, हिंदी शिकवणाऱ्या एक बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. माझ्या शाळेचं नाव ऐकून म्हणाल्या, "तुमच्याकडे ते भामरे सर होते ना? ज्यांच्या शेऱ्यावरून एका पोरीची नोकरी गेली?"

मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. जिल्ह्यात बहुतेकांना भामरे सर एवढ्या एका वाक्यापुरतेच ठाऊक आहेत. वाक्य खोटं नाही. पण मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं मराठी शिकवलं, आणि त्या वाक्यात मावतात त्याहून ते पुष्कळ मोठे होते, म्हणून हे लिहायला बसले.

आमची शाळा भडगावच्या पुढे, गिरणेच्या काठावरच्या गावात. गावाचं आणि संस्थेचं नाव राहू द्या. भामरे सर मूळचे मराठीचे, पण पर्यवेक्षक झाल्यावर सगळ्या भाषांचे तास पाहणं त्यांच्याकडे आलं. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा निळा डाग. कॉलेजात शिकल्यासारखी प्रमाण मराठी ते फक्त वर्गाच्या उंबऱ्याच्या आत बोलत. व्हरांड्यात आले की अहिराणी. शिपायाशीही अहिराणी, शिक्षणाधिकाऱ्यांशीही अहिराणी. साहेब लोकांना आधी ती थट्टा वाटायची. इथे मात्र त्यांचं बरंचसं बोलणं मी प्रमाण मराठीतच लिहितेय.

तास पाहायला यायची त्यांची एक रीत होती. आधी कळवायचे नाहीत. चप्पल दाराबाहेर काढायचे, कारण चपलेचा आवाज झाला की मुलं मागे वळून बघतात. मागच्या दाराने येऊन शेवटच्या बाकावर, एखाद्या मुलाला "सरक रे जरा" म्हणून, त्याच्याच पुस्तकात डोकं घालून बसायचे. आम्ही त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायचो, ती तशीच रिकामी राहायची. आणि बसल्यावर शिक्षकाकडे चुकूनही बघायचे नाहीत. मुलांच्या पाठी, माना, बोटं बघत बसायचे. आपण फळ्याजवळ घसा कोरडा करतोय आणि हा माणूस आपल्याकडे बघतच नाही, याचा सुरुवातीला फार राग यायचा.

भाषेच्या शिक्षकांना तसाही तास तपासण्याचा राग असतो. आमचे सोनार सर हिंदी शिकवायचे. ते म्हणायचे, गणिताच्या मास्तरचं उत्तर बरोबर का चूक हे फळ्यावर दिसतं, आमचं काय दिसतं? ज्याला बोलता येतं त्या प्रत्येकाला वाटतं, भाषा कशी शिकवावी ते आपल्याला कळतं. केंद्रप्रमुखांना कळतं, सरपंचांना कळतं, संस्थेच्या अध्यक्षांच्या ड्रायव्हरलासुद्धा कळतं. सोनार सरांच्या उभ्या नोकरीत त्यांचा तास पाहून कुणी त्यांना हिंदी शिकवण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. फळ्यावर तारीख नाही, खिडक्या बंद आहेत, आवाज जरा वाढवा, एवढंच. पुढे भामरे सर आले आणि त्यांनी जे सांगितलं ते मात्र सोनार सरांना झोंबलं.

माझा पहिला तास त्यांनी पाहिला तो आठवीचा. कविता होती. माझा आवाज बरा आहे, चालीवर म्हणायची हौस आहे. मी अख्खी कविता रंगवून म्हटली आणि वर्ग चिडीचूप ऐकत होता. तास संपल्यावर सर मला पाण्याच्या टाकीजवळच्या कडुनिंबाखाली घेऊन गेले. "आवाज गोड शे तुमना, ताई," ते म्हणाले. मी सुखावले. मग त्यांनी विचारलं, खिडकीजवळच्या बाकावर दोन वेण्यांची मुलगी बसते, तिचा आवाज कसा आहे? मला सांगता येईना. ती मुलगी बोलताना मी कधी ऐकलीच नव्हती.

"बठ्ठी पोरे गप शेतस," सर म्हणाले, "याना अर्थ त्या शिकी राह्यनात असा नही."

दुसऱ्या दिवशी लॉगबुकात, म्हणजे तास-तपासणीच्या वहीत, शेरा होता. 'कवितावाचन शिक्षिकेने स्वतःच केले. मुलांचा आवाज ऐकू आला नाही.' बस. आवाज गोड असल्याचं त्यात कुठेच नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मग भांडायला गेले. तेव्हा त्यांनी मला आपला नियम सांगितला. चांगलं झालेलं ते तोंडी सांगत, चुकलेलं लिहीत. तोंडी सांगितलेली चूक माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो, कौतुक मात्र मरेपर्यंत विसरत नाही, मग ते लिहून कागद कशाला भरायचा? मला ते पटलं. आज मागे वळून पाहताना त्या पटण्याची भीती वाटते, पण तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं होतं. आणि त्या दोन वेण्यांच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उभी केली. ती वाचायला लागली तर वर्गाला हसू आलं, कारण ती प्रत्येक 'आहे'चा 'शे' करत होती. पुढचं वर्षभर मी तिला वाचायला लावलं.

हा माणूस दुसऱ्यांनाच तपासायचा असं नाही. दर महिन्यात एकदा तो आम्हा भाषेच्या शिक्षकांना आपल्या दहावीच्या तासाला बसवायचा आणि चुका लिहून द्या म्हणायचा. आम्ही आधी 'उत्तम' लिहून कागद परत करायचो. ते कागद तसेच परत यायचे. शेवटी सोनार सरांनी एकदा सूड उगवायच्या बेतानेच लिहिलं की सर प्रश्न विचारतात आणि मुलांना तोंड उघडू न देता स्वतःच उत्तर देतात. भामरे सरांनी तो कागद दोनदा वाचला, आणि पुढच्या तासाला प्रश्न विचारून झाल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, तोंड बाहेर करून, कुणीतरी बोलेपर्यंत. ती सवय त्यांनी शेवटपर्यंत ठेवली. सोनार सरांचा विरोध त्या दिवसापासून मावळला. ते हळूच मला म्हणाले होते, "हा माणूस खरा आहे, हे एक वाईट आहे. खोटा असता तर दुर्लक्ष करता आलं असतं."

प्रशिक्षणांना आम्ही सगळे जायचो ते सही करायला आणि प्रमाणपत्र घ्यायला. वरची वेतनश्रेणी त्याच्याशिवाय मिळत नाही. भामरे सर मात्र लहान मुलासारखे उत्सुकतेने जायचे आणि दरवेळी उदास होऊन परत यायचे. धुळ्याला एकदा मोठं प्रशिक्षण होतं. साधनव्यक्ती, म्हणजे आम्हाला शिकवायला आलेले तज्ज्ञ, पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवत होते: मुलांना बोलतं करा, मुलांना प्रश्न विचारू द्या. दोन दिवस आम्हाला कुणी बोलतं केलं नाही की प्रश्न विचारू दिला नाही. तिसऱ्या दिवशी सर उठून उभे राहिले आणि फार नम्रपणे म्हणाले की बाहेर समोरच शाळा आहे, आपण तिथला एक वर्ग मागून घेऊ, तुम्ही एक तास शिकवून दाखवा, आम्ही मागे बसतो. साधनव्यक्ती हसले. मग हे गमतीने म्हणत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या वर्षीपासून प्रशिक्षणाच्या यादीत सरांचं नाव येईनासं झालं. त्यांना त्याचं खरोखर दुःख झालं. मला म्हणाले, मला त्यांची फजिती करायची नव्हती हो ताई, मला बघायचं होतं. आमच्या बी.एड.नंतर मला कुणी चांगलं शिकवताना बघायलाच मिळालं नाही.

अशा माणसाच्या हाताखाली माधुरी बागुल आली.

माधुरी अमळनेरकडची, शेतमजुराच्या घरातली, घरात पहिलीच शिकलेली. इंग्रजीची शिक्षणसेवक म्हणून लागली. म्हणजे तीन वर्षं मानधनावर काम करायचं, काम समाधानकारक असेल तर कायम. आमच्याच गल्लीत ती खोली घेऊन राहायची. तिचं इंग्रजी पुस्तकात पक्कं होतं पण तोंडात अडखळायचं. वर्गात ती घाबरून भराभर बोलायची, मराठीत अर्थ सांगून मोकळी व्हायची, मुलांना फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावायची. सरांनी तिचा तास पाहिला आणि शेरा लिहिला: 'इंग्रजी वाचन अडखळत. उच्चारांवर मेहनत हवी. मुलांना इंग्रजी बोलण्याची संधी दिली नाही.' काही दिवसांनी पुन्हा पाहिला, पुन्हा तसाच शेरा.

माधुरी रडली नाही. ती शेरा घेऊन सरांकडे गेली आणि मेहनत म्हणजे नेमकं काय करायचं ते सांगा म्हणाली. सरांना असं विचारणारं त्यांच्या आयुष्यात बहुधा ती पहिलीच. त्यानंतर शाळा सुटल्यावर दोघं रिकाम्या वर्गात बसायचे. सरांना स्वतःला इंग्रजी बेताचंच. ते शेवटच्या बाकावर बसायचे आणि ही समोर उभी राहून वाचायची, आणि जिथे त्यांना कळलं नाही तिथे ते हात वर करायचे. ती मोबाइलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून भांडी घासताना ऐकायची. तिच्या खोलीतून येणारा तो आवाज आमच्या घरी ऐकू यायचा. महिन्यामहिन्याने तो सावकाश होत गेला, मोकळा होत गेला.

तिसऱ्या वर्षी सरांनी तिचा तास पाहिला तेव्हा मी शेजारच्या वर्गात होते, भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. मुलं इंग्रजीत भांडत होती. बाजारातल्या भाजीच्या भावावरून दोन मुली एकमेकींशी इंग्रजीत घासाघीस करत होत्या, चुका करत, हसत. तास संपल्यावर सर चप्पल न घालताच कडुनिंबाखाली गेले. माधुरी गेली. सर तिला म्हणाले, "आज मी शिकलो." माधुरीने त्या संध्याकाळी मला बोलावून शिरा खायला घातला.

लॉगबुकात त्या तासाची नोंद नाही. लिहिण्यासारखी चूकच नव्हती.

त्याच उन्हाळ्यात संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याचं लग्न झालं. सून बी.एड. झालेली, विषय इंग्रजी. शाळेत इंग्रजीची जागा एकच. तिसरं वर्ष संपताना माधुरीला पत्र मिळालं की शिक्षणसेवक म्हणून तिचं काम समाधानकारक नसल्याने सेवा समाप्त करण्यात येत आहे. सोबत लॉगबुकातल्या शेऱ्यांच्या प्रती जोडलेल्या होत्या. भामरे सरांच्या स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात.

सर तडक अध्यक्षांच्या बंगल्यावर गेले. पुढे कळलं की अध्यक्षांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "सर, आम्ही आमच्या मनाने काहीच केलं नाही. तुमचाच शब्द मानला."

माधुरीने शाळा न्यायाधिकरणात अपील केलं. तिचा वकील तरुण होता, हुशार होता. तास प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार एकच, म्हणून त्याने सरांनाच माधुरीच्या बाजूने उभं करायचं ठरवलं. आम्हा बाकीच्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. आम्ही फार तर भिंतीपलीकडून ऐकलं होतं. वकील सरांच्या घरी आला तेव्हा माधुरीबरोबर मीही होते. त्याने सांगितलं की तोंडी कौतुकाला कायद्यात किंमत नाही. पण सरांनी एवढंच सांगितलं की हे शेरे माझ्याकडून संस्थेने दबाव आणून लिहून घेतले, तर प्रकरण उलटतं. अशा संस्थांत हे नेहमी चालतं, त्यावर कुणालाही विश्वास बसेल.

सर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले की मी लिहिलं तेव्हा मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

वकिलाने समजावलं. संस्थेने मुलीवर अन्याय केला हे खरं ना? मग त्या अन्यायापर्यंत पोचायला एक चुकीचं पाऊल टाकावं लागतंय, एवढंच. सर नकारार्थी मान हलवत राहिले. सरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो, दाराशी उभ्या होत्या. त्या कधी पुरुषांच्या बोलण्यात पडायच्या नाहीत. त्या दिवशी पडल्या.

"पोरनं वाटोळं व्हई जाई," अक्का म्हणाल्या. "एक शब्द खोटा बोली दिधा ते काय बिघडी?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ते माधुरीकडे वळले आणि तिला विचारलं, तू काय म्हणतेस? मला अजून वाटतं, त्यांनी ते तिच्यावर टाकायला नको होतं. माधुरी जमिनीकडे बघत होती. ती म्हणाली, "तुम्हाला जे खरं वाटतं ते सांगा, सर." पंचविशीतल्या मुलीने आपल्या गुरूला दुसरं काय सांगायचं? पण सरांनी ती तिची संमती धरली.

सुनावणीच्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांनी सगळं सांगितलं. तिने कशी मेहनत घेतली, मुलं कशी बोलायला लागली, शेवटचा तास कसा झाला. बोलताना त्यांचा आवाज वर्गात व्हायचा तसा झाला होता, आणि क्षणभर मला वाटलं, जिंकलो. मग संस्थेचा वकील उठला. त्याने फारसं काही विचारलं नाही. हे अक्षर तुमचं का? हो. यात लिहिलंय ते लिहिताना खरं होतं? हो. कुणी लिहायला लावलं? नाही. आणि आता तुम्ही जे कौतुक सांगताय ते कुठे लिहिलंय?

"कुठेच नाही," सर म्हणाले.

"तीन वर्षांत एकदाही नाही?"

"मी चांगलं लिहीत नाही."

वकील बसला. कुणीतरी मागे हसलं. सर उभेच राहिले, अजून काहीतरी विचारतील म्हणून. त्यांना बसायला सांगावं लागलं.

अपील फेटाळलं गेलं. माधुरी खोली सोडून गेली त्या दिवशी सर तिला गाडीत बसवायला आले होते. दोघं लांब लांब उभे होते. तिने वाकून नमस्कार केला नाही, आणि त्यांनीही तशी अपेक्षा केली असेल असं वाटत नाही.

अपील चालू होतं तोवर जागा तात्पुरती भरलेली होती; निकालानंतरच्या जूनमध्ये नवी इंग्रजीची शिक्षिका आली. अध्यक्षांच्या पुतण्याची ती बायको. स्वभावाने वाईट नव्हती, घाबरलेली होती, आणि खुर्चीत बसून शिकवायची. सर तिचा तास पाहायला गेले. चप्पल बाहेर काढली, शेवटच्या बाकावर बसले. मी व्हरांड्यातून जाताना पाहिलं. तिने पाठ वाचून दाखवला, अर्थ सांगितला, मुलं उतरवून घेत होती. माधुरी पहिल्या वर्षी शिकवायची तसंच, त्याहून थोडं वाईट. मग सर स्टाफरूममध्ये आले, लॉगबुक उघडलं आणि बराच वेळ पेन हातात धरून बसले. त्यांनी लिहिलं, 'पाठ समाधानकारक.' त्या दिवसापासून त्यांनी कुणासाठीही दुसरं काही लिहिलं नाही. माझ्यासाठीही नाही, सोनार सरांसाठीही नाही. कडुनिंबाखालचं बोलणं थांबलं. आपल्या दहावीच्या तासाला आम्हाला बोलावणंही थांबलं. शाळेतले बाकीचे शिक्षक खूश होते. म्हातारा निवळला, म्हणायचे. सोनार सर एकदा वैतागून त्यांच्यासमोर जाऊन बसले, म्हणाले, सर, माझा तास वाईट झाला, तुम्ही होता, काहीतरी बोला. भामरे सर म्हणाले, "काय बोलू? माझं कागदावर राहतं, सोनार. आणि कागद कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही."

त्यांच्या निवृत्तीचा समारंभ झाला. शाल, नारळ, हार. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले की भामरे सरांसारख्या निर्भीड पर्यवेक्षकामुळे संस्थेने दर्जाशी कधी तडजोड केली नाही. कमी पडणाऱ्याला कमी पडतो असं लिहायची त्यांच्यात हिंमत होती. टाळ्या झाल्या. सर नारळ मांडीवर धरून समोर बघत होते. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते उठले, हात जोडले आणि बसले.

निवृत्तीनंतर ते गावातच होते. थोडी केळी होती, ती बघायचे. मी दिवाळीला जायची. अक्का भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढायच्या. शाळेचा विषय निघाला की सर उठून बैलांकडे जायचे. एकदाच त्यांनी माधुरीबद्दल विचारलं. माझ्याकडे तिचा नंबर होता. ती नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर होती. मधल्या काळात दोन शाळांत मुलाखतीला गेली, पण आधीची सेवा असमाधानकारक म्हणून संपवली, हे पत्र तिच्या मागे मागे जायचं. तिसऱ्या ठिकाणी ती गेलीच नाही. हे मी त्यांना सांगितलं. नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांना कुणी काही लपवलेलं कळायचं.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यासाठी ते धुळ्याला देवपुरात मुलाकडे राहिले होते. मीही तेव्हा कामाने धुळ्याला होते, भेटायला गेले. ते तयारच होऊन बसले होते, काळा चष्मा लावून. म्हणाले, नरडाण्याला जाऊन येऊ. मी टाळायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, तुम्ही येत नसाल तर मी एकटा जातो, आणि मला पाट्या वाचता येत नाहीत. मी माधुरीला फोन केला. ती म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत गेटवर या.

एसटीने गेलो. कंपनीच्या गेटसमोर चहाची टपरी होती, तिथे उभे राहिलो. माधुरी बाहेर आली. गळ्यात ओळखपत्र, डोक्याला रुमाल बांधलेला, केसांवर पांढरी भुकटी. अंगाने भरली होती. माझ्याकडे बघून हसली. सरांना म्हणाली, "कसे आहात सर? डोळा बरा आहे?" त्यांनी बरा आहे म्हटलं. मग त्यांनी जे ठरवून आणलं होतं ते बोलायला सुरुवात केली. मी तेव्हा लिहायला हवं होतं, मला वाटलं तोंडी सांगितलं म्हणजे...

"सर," माधुरीने त्यांना थांबवलं. तिचा आवाज शांत होता. "तुमचा राग नाही मला. होता, आता नाही. तुम्ही मला शिकवलं तेवढं कुणी शिकवलं नाही. पण तुम्ही दिसलात की मला तो वर्ग दिसतो. मग आठ-पंधरा दिवस मला काही सुचत नाही. घरी लहान लेकरू आहे. तुम्ही परत येऊ नका."

सर म्हणाले, "बरं."

तिने आम्हा दोघांना चहा घ्यायला लावला, टपरीवाल्याला माझ्या खात्यावर लिही म्हणाली, आणि सुट्टी संपायच्या आधीच आत गेली. सरांनी चहा संपवला. कप टपरीवर नीट ठेवला.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, ती दुखावलेली आहे, थोडे दिवस जाऊ द्या. सरांनी मान हलवली. म्हणाले, नाही ताई, ती नीट बोलली. मनात होतं तेवढंच बोलली, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

त्या पावसाळ्यात ते गेले. धुळ्यातच, मुलाच्या घरी, सकाळी. मला दोन दिवसांनी कळलं. त्यामुळे धुळ्याच्या स्टँडवर त्या दुपारी पाहिलं, तेच शेवटचं.

त्यांचा मुलगा मोटारसायकलवर घ्यायला येणार होता, त्याला उशीर होता. माझी जळगावची गाडी लागली होती. सर म्हणाले, तुम्ही बसा, तो येईल. मी खिडकीची जागा धरली. ते फलाटाच्या कडेला उभे होते, काळा चष्मा, हातात पिशवी. एवढ्यात शेजारच्या फलाटावर नरडाण्यावरून जाणारी शिरपूरची गाडी आली आणि माणसं दाराकडे धावली. गर्दीने त्यांना आपल्याबरोबर घेतलं. ते विरोध करत नव्हते. पुढचा सरकला की सरकत होते, बायकांना वाट देत होते, पिशवी छातीशी धरून हळूहळू दारापर्यंत गेले. एक पाय पायरीवर ठेवला. कंडक्टरने वाकून काहीतरी विचारलं, बहुतेक कुठे जायचं ते. सरांनी त्याच्याकडे वर बघितलं. जरा वेळ तसेच बघत राहिले. मग मान हलवली, पाय खाली घेतला, आणि मागच्या माणसाला चढता यावं म्हणून बाजूला झाले.